दुभत्या घरात दूध वर्ज्य

गाईच्या अंगावरची गोचीड शोधायला वर्षाराणीला डोळे लागत नसत. धार काढून झाली की तिचा हात आपसूक गाईच्या गळ्याखालच्या पोळीत जायचा, तिथून कानामागं, मग शेपटीच्या बुडाशी. बोटाला टणक दाणा लागला की चिमटीत धरून ओढायचा आणि शेजारच्या डिझेलच्या डब्यात टाकायचा. गाय डोळे मिटून उभी राहायची. तिचा नवरा रामलिंग कौतुकानं म्हणायचा, "ही धार काढत न्हाई, गाईशी गप्पा मारती."

देवणीजवळच्या त्या गावात बिरादारांचं घर दुभतं म्हणून ओळखलं जायचं. दावणीला सगळी देवणी जनावरं. रामलिंगचे वळू प्रदर्शनात फिरायचे आणि त्याच्या आईच्या, तुळजाबाईच्या हातचं तूप लातूरची गिऱ्हाइकं आधीपासून सांगून ठेवायची. वर्षाराणी निलंग्याची. वडील एसटीत ड्रायव्हर, घरात पिशवीचं दूध. लग्न होऊन आली तेव्हा गाय लाथ मारील म्हणून लांब उभी राहायची. तुळजाबाईनं तिला आचळाला हात लावायला शिकवलं, चीक कधी उतरतो ते शिकवलं, अडलेलं वासरू कसं वळवायचं तेही शिकवलं. पुढं पुढं अशी वेळ आली की वानेरी नावाची काळ्या तोंडाची गाय वर्षाराणीशिवाय कुणालाच पान्हा सोडेना.

गोचिडी तिलाही चावायच्या. घोट्याला, पोटरीला, साडी खोचतात तिथं कमरेला. गुरांना लंपीची साथ येऊन गेली त्या पावसाळ्यात चावलेल्या जागा जास्तच सुजल्या आणि दिवसच्या दिवस खाजत राहिल्या. तिनं हळद लावली आणि सोडून दिलं. गुरांच्या घरात गोचिडीची तक्रार कोण करतो?

त्याच साथीत रामलिंगचा मोठा वळू मरता मरता वाचला होता. त्यासाठी त्यानं गावच्या दर्ग्याला कंदुरी, म्हणजे बोकडाचं जेवण, बोलली होती. थंडी सुरू झाल्यावर नवस फेडला. दर्ग्याची व्यवस्था बघणाऱ्या करीमचाचांनी बोकड कापला, त्यांनीच मोठ्या पातेल्यात रस्सा शिजवला. दिवस मावळायच्या आत पंगती उठल्या. वर्षाराणीनं शेवटच्या पंगतीत बसून पोटभर खाल्लं.

पहाटे ती धारेला बसली तेव्हा आधी तळहात खाजू लागले. तिला वाटलं, कडब्याचं कुसळ लागलं असेल. मग पायाचे तळवे, मग डोक्याची कातडी. पोटात कळ आली. हातावर रुपयाएवढ्या गांधी उठल्या होत्या आणि तिच्यादेखत त्या एकमेकींत मिसळत चालल्या होत्या. ओठ जड झाला. "अवं," अशी हाक मारायला गेली तर आवाज घशातच राहिला. बादली कलंडली. दूध सांडल्याचा आवाज ऐकून रामलिंग धावत आला, तेव्हा ती गव्हाणीला टेकून बसली होती आणि तिचं तोंड ओळखू येत नव्हतं.

त्यानं शेजाऱ्याची जीप काढली आणि तिला देवणीच्या दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. दुपारपर्यंत सूज उतरली. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"मटण. पण काल संध्याकाळी."

"संध्याकाळचं असतं तर तेव्हाच बाधलं असतं. पहाटे गोठ्यात काहीतरी चावलं असेल."

गावानं वेगळंच ठरवलं. कंदुरी नीट फिटली नाही, बाईच्या हातून काही चुकलं, म्हणून पिरानं दाखवलं. बायका नळावर कुजबुजू लागल्या. करीमचाचांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते घरी आले, ओट्यावर बसले आणि तुळजाबाईला म्हणाले, "बाई, पीर कुणाचा घसा धरत न्हाई. लोकांचं ऐकू नका. दवाखाना बदला."

दवाखाना बदलला नाही. एकदा झालं, गेलं, असं सगळ्यांना वाटलं. आखाडात ती माहेरी गेली, तिथं मटणाचं जेवण झालं आणि पुन्हा तोच प्रकार, पुन्हा कितीतरी तासांनी. मग मात्र तिनं स्वतःच मटण सोडलं. त्यानंतर ती घास उचलताना आधी वास घ्यायची. रात्री अंथरुणावर पडली की घशावर बोटं ठेवून गिळून बघायची, नीट जातंय ना. हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

मटण सोडूनही पोट अधूनमधून दुखायचं. चहानंतर हातावर पुरळ यायचं आणि जायचं. आणि मग वानेरी व्यायली.

तुळजाबाईनं पहिल्या चिकाचा खरवस केला, गूळ आणि विलायची घालून. वर्षाराणीनं सकाळी वाटीभर खाल्ला आणि डबा भरून वडिलांसाठी निलंग्याला नेला. तिथं वडिलांबरोबर पुन्हा खाल्ला. दुपारच्या एसटीनं परत निघाली. गाडी भरलेली होती, तिला मधल्या बाकावर जागा मिळाली.

निलंगा मागं पडलं आणि तळहात खाजू लागले.

तिनं मुठी आवळल्या. उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली पुढं होती, गाडी तिच्या मागं रखडत होती. 'हे ते नव्हं,' ती स्वतःला सांगत होती, 'मी मटण खाल्लेलं न्हाई.' मग टाळू खाजली. मग कानात दडे बसले. तिनं शेजारच्या म्हातारीचा दंड धरला.

"काय होलालंय गं तुला?" म्हातारी ओरडली. "अगं बया, हिचं तोंड बघा!"

कुणीतरी म्हणालं, मिरगी आहे, कांदा हुंगवा. कुणी म्हणालं, गाडी लागली असेल, खिडकी द्या. कंडक्टर बाई माणसं बाजूला सारत आल्या. वर्षाराणीला बोलता येत नव्हतं. तिनं घशाकडं बोट दाखवलं आणि मान हलवली. श्वास आत जाताना बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. कंडक्टर बाईंनी तो आवाज ऐकला आणि पुढं ड्रायव्हरकडं बघून मोठ्यानं म्हणाल्या, "मास्तर, थांबू नका कुठं! सरळ दवाखान्यात घ्या!"

वाटेतल्या आरोग्य केंद्राच्या फाटकातून ती लांबलचक एसटी आत शिरली. दोन माणसांनी तिला उचलून नेलं. नर्सनं तिच्याकडं एकदा बघितलं, काही विचारलं नाही आणि मांडीत सुई खुपसली. वर्षाराणी सांगते की त्या वेळी तिला छताचा पंखा दिसत होता आणि तो फिरतोय की थांबलाय हे कळत नव्हतं. पंखा फिरताना दिसू लागला तेव्हा तिला समजलं, आपण आहोत.

बसमधली माणसं बाहेर झाडाखाली थांबली होती. तिचा श्वास सुरळीत झाला असं कळल्यावरच कंडक्टर बाईंनी घंटी दिली.

तिथल्या डॉक्टरनं रामलिंगला फोनवर ठणकावलं, "तिसऱ्यांदा झालंय म्हणता आणि घरी बसलाय? उद्या लातूरला न्या."

लातूरला डॉ. महामाया कांबळे त्वचेच्या आणि ॲलर्जीच्या डॉक्टर होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कधी खाल्लं, कधी त्रास झाला, मधल्या काळात काय केलं. मग विचारलं, "तुम्हाला गोचीड चावते का?"

वर्षाराणीनं रामलिंगकडं बघितलं. दोघांनाही हसू आलं.

"मॅडम, गुरांच्या घरात गोचीड कुणाला चावत न्हाई?"

"दाखवा."

तिनं घोट्यावरची साडी वर केली. काळे पडलेले, खाजवून जाड झालेले डाग होते. डॉक्टर खाली वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी रक्त घेतलं आणि तपासायला बाहेरच्या मोठ्या शहरात पाठवलं. रिपोर्ट आल्यावर दोघांना पुन्हा बोलावलं.

"गोचीड जनावराचं रक्त पिते आणि मग तुम्हाला चावते," त्या सावकाश सांगू लागल्या. "तिच्या लाळेतून साखरेसारखा एक पदार्थ तुमच्या रक्तात गेला. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, सगळ्यांच्या अंगात तो असतो. तुमच्या शरीरानं त्याला वैरी ठरवलंय. म्हणून मटण खाल्लं की काही तासांनी भडका उडतो. काही लोकांना दुधानंही होतं. तुम्हाला होतंय."

"दुधानं?" रामलिंग म्हणाला. "मॅडम, आमचं दुधाचंच घर हाय."

"म्हणूनच नीट ऐका. मटण बंद. दूध, दही, ताक, तूप, लोणी, खवा, पनीर, सगळं बंद. जिलेटिन बंद, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. जेलीत असतं, गोळ्या-चॉकलेटात असतं. कोंबडी आणि अंडी चालतील."

वर्षाराणी खाली बघत होती. ती म्हणाली, "नको. कोंबडीचा रस्सा कुणी कशाच्या पातेल्यात केला, कशी फोडणी दिली, किती ठिकाणी विचारू? एकच रेघ मारते. जनावराचं काहीच न्हाई."

"शहरात याला व्हेगन म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "तिकडं लोक आपल्या मनानं करतात."

"आपल्या मनानं?" रामलिंगला ते खरंच वाटेना.

मग डॉक्टरांनी खरी अवघड गोष्ट सांगितली. "आणि गोठ्यात जायचं नाही. जितक्या गोचिडी चावतील तितकं हे वाढेल. चावल्या नाहीत तर वर्षा-दोन वर्षांत कदाचित कमी होईल."

त्यांनी काचेच्या छोट्या बाटल्या आणि सिरिंज दिल्या. त्रास सुरू झाला की कुणाची वाट न बघता मांडीत इंजेक्शन द्यायचं, मग दवाखाना गाठायचा. सिरिंजवर पेनानं खूण करून दाखवली. रामलिंगनं मोसंबीत सुई घालून सराव केला. वर्षाराणीनंही केला. तिचा हात त्याच्यापेक्षा स्थिर होता.

घरी आल्यावर तुळजाबाईनं सगळं ऐकलं. ती चुलीपुढं बसली होती.

"दूध बाधतंय म्हणं," ती म्हणाली. "एवढी वर्सं पिली तवा न्हाई बाधलं? माझ्या गाईचं दूध ईख हाय व्हय?"

"आत्या, तुमच्या दुधाला कोण नाव ठेवतंय?"

"मग काय करलालीस तू हे? पोरीबाळी डाएट करतेत, तसलं हाय का?"

वर्षाराणीला रडू आवरत नव्हतं आणि रडलं की घसा भरून यायचा. घसा भरला की तिला वाटायचं, ते सुरू झालं.

खरं तर त्या घरातलं रोजचं जेवण तिला चालण्यासारखंच होतं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, करडईच्या तेलावरची शेंगदाण्याची चटणी. भीती होती ती मानपानाच्या खाण्याची. हळदी-कुंकवाला गेलं की चहा पुढं येई. पुरणपोळीवर तुपाची धार पडलेली असे. सत्यनारायणाच्या पंचामृताला नाही म्हटलं तर बायका डोळे मोठे करत. "प्रसादाला न्हाई म्हणती?" एकीनं तर तिच्या तळहातावर चमचा ओतलाच. वर्षाराणी ते हातात धरून बाहेर गेली, तुळशीत सोडलं आणि हात साबणानं तीन वेळा धुतला.

त्याहून वाईट होतं ते न दिसणारं. बिस्किटाच्या पुड्यावर मागं बारीक इंग्रजी अक्षरं असत. ती बारावी शिकलेली. किराणा दुकानात उभी राहून पुडा उजेडाकडं धरून एकेक शब्द लावायची. मिल्क सॉलिड्स म्हणजे दूध. व्हे म्हणजे दूध. केसीन म्हणजेही दूधच. मसाला लावलेल्या चिप्समध्ये दूध निघालं. बेकरीच्या टोस्टला लोणी लावलेलं असायचं. ताकदीसाठी म्हणून भावजयीनं पाठवलेल्या च्यवनप्राशात तूप होतं. घरातसुद्धा तुळजाबाई तव्यावर तुपाचा हात फिरवायची सवयीनं, तिच्या ध्यानातही यायचं नाही. वर्षाराणीनं स्वतःचा तवा, स्वतःचं पातेलं वेगळं केलं. तुळजाबाईला ते लागलं.

"माझ्या घरात माझ्याच हाताचा इटाळ झाला," ती शेजारणीला म्हणाली, मुद्दाम ऐकू जाईल अशी.

गोठ्यातलं काम आता सासूवर आलं होतं. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखायचे. वानेरी तिला पान्हा सोडायची नाही. रोज सकाळी गाय हंबरायची, मान वळवून घराच्या दाराकडं बघायची. वर्षाराणी दाराच्या आत उभी असायची. उंबरा ओलांडत नसे. एकदा तुळजाबाईनं रिकामी बादली तिच्या पुढ्यात आणून आपटली. "बघ, बघ. तुझ्या रिपोर्टापायी जनावर आटायला लागलं."

मला वाटतं, त्या दोघींपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं. एकीला मरणाची भीती होती आणि दुसरीला ती भीती दिसत नव्हती.

रामलिंग उदगीरच्या पशुप्रदर्शनाला वळू घेऊन गेला त्या आठवड्यात वर्षाराणीला ताप भरला. अंग मोडून आलं, खोकला लागला. सकाळी गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरकडं ती एकटीच गेली. त्याला सगळं सांगितलं, दुधाचं, मटणाचं. त्यानं ऐकून मान डोलावली.

"यात दूध-बिध न्हाई ना?" तिनं पुडी हातात घेताना विचारलं.

"गोळीत कशाचं दूध?" तो हसला.

पुडी साध्या कागदाची होती, आत पट्टीतून कात्रीनं कापलेल्या लाल-पिवळ्या कॅप्सूल. कागदावर वाचायला काही नव्हतं. तरी तिनं लातूरला डॉ. कांबळेंना फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. ताप वाढत होता. तिनं भाकरीचे दोन घास खाल्ले आणि दोन कॅप्सूल एकदम घेतल्या. कॅप्सूलचं ते चकचकीत कवचच जिलेटिनचं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

दुपारी तुळजाबाई अंगणात शेंगा फोडत बसली होती. घरात काहीतरी पडलं. ती उठून आत गेली तर वर्षाराणी कपाटाशी गुडघ्यावर बसली होती. डोळे सुजून अर्धे मिटलेले, मान लाल, कान लाल. हातात इंजेक्शनचा डबा.

"माय गं!" तुळजाबाईच्या तोंडून निघालं. आधी जे झालं ते तिनं कधी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. कंदुरीनंतरच्या पहाटे ती दर्ग्यात भांडी घासायला गेली होती, दुसऱ्या वेळी सून माहेरी होती, बस तर लांबच.

"आत्या... इंजेक्शन," वर्षाराणीचा आवाज घोगरा आला. "फोडा... बाटली..."

तुळजाबाईनं बाटली घेतली. ज्या हातांनी अडलेली वासरं ओढून काढली होती त्या हातांना ती काचेची एवढीशी मान मोडेना. जोर लावला आणि सगळी बाटलीच चुरली. औषध आणि रक्त तिच्या बोटांवरून फरशीवर गळलं. तिनं वर बघितलं. सुनेच्या छातीतून शिट्टी वाजत होती.

"दुसरी... हाय."

दुसरी शेवटचीच होती. तुळजाबाई ती घ्यायला तयार होईना. "मला न्हाई जमत, वर्षे, मला न्हाई जमत."

वर्षाराणीनं बाटली पदरात धरली आणि मानेवरच्या खुणेशी झटक्यात मोडली. तिला नीट दिसत नव्हतं. सिरिंजमध्ये औषध ओढलं, डोळ्यांजवळ धरून पेनाची खूण शोधली. खूण पुसट झाली होती. तिनं अंदाज केला नाही. सिरिंज तिरकी करून उजेडात धरली, रेघ दिसेपर्यंत धरून ठेवली. तुळजाबाई सांगते की तेवढ्या वेळात ती स्वतः म्हातारी झाली.

"पाय... धरा."

तुळजाबाईनं दोन्ही हातांनी तिचा पाय दाबून धरला. वर्षाराणीनं साडीवरूनच मांडीच्या बाहेरच्या अंगाला सुई घातली.

मग काहीच झालं नाही. तुळजाबाईला वाटलं, संपलं. तिनं दारात जाऊन अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या गल्लीतून माणसं आली. करीमचाचांचा मुलगा मुज्तबा त्याचा टेम्पो घेऊन आला. टेम्पोत वर्षाराणीचं डोकं सासूच्या मांडीवर होतं. ती म्हातारी सारखं एकच विचारत होती, "श्वास घेलालीस ना? बोलू नको, नुसती मान हलीव." आणि वर्षाराणी मान हलवत होती. कधी हलवायला उशीर झाला की तुळजाबाई मुज्तबाच्या पाठीत गुद्दा मारायची, "हाण पुढं!"

देवणीला पोचेपर्यंत शिट्टी बारीक झाली होती. सलाईन लागलं, पुन्हा इंजेक्शन दिलं. रामलिंग उदगीरहून वळू तसाच दुसऱ्याच्या हवाली करून आला, तेव्हा बायको झोपलेली होती आणि आई कॉटच्या पायथ्याशी, चिंधी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली होती.

"त्या डॉक्टरला मी बघतो," रामलिंग म्हणाला.

"त्याला मागनं बघ," तुळजाबाई म्हणाली. "आधी गाया हलीव."

"कुठं?"

"शेतात. आखाड्यावर. घराजवळ एक गोचीड नको मला."

तिनं माफी मागितली नाही. मागेल अशी वर्षाराणीची अपेक्षाही नव्हती. पण महिन्याच्या आत शेतातल्या आखाड्यावर नवा गोठा उभा राहिला, सिमेंटचा कोबा केलेला, भेगा नसलेला, कारण गोचिडी भेगांत अंडी घालतात. जनावरं निघाली त्या दिवशी वर्षाराणी ओसरीवरून बघत होती. वानेरी कोपऱ्यावर अडली, मागं फिरली. रामलिंगनं कासरा ओढला. वर्षाराणी घरात गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी तिला कुणी हाक मारली नाही.

वानेरीनं त्या वेतात पुन्हा नीट दूध दिलं नाही. पुढच्या वेताला सवय झाली.

घरात कामाची वाटणी बदलली. तुळजाबाई आणि रामलिंग आखाड्यावर, सोयाबीन आणि तूर वर्षाराणीच्या ताब्यात. गोठ्यातून आलेला माणूस आधी अंगणात कपडे बदलतो, मगच आत येतो. तूप आता आखाड्यावरच कढतं. सोयाबीनचा प्रदेश आहे म्हणून वर्षाराणीनं दाणे भिजवून, वाटून, गाळून त्याचं दूध काढलं आणि चहा केला. तुळजाबाईनं एक घोट घेऊन थुंकला. "ह्याच्यापरीस काळा पी." मग तीही तिच्याबरोबर गुळाचा काळा चहा पिऊ लागली.

पुढच्या कंदुरीला करीमचाचांनी एक हंडी नवी कोरी आणली. त्यात नुसती वांगी आणि हरभऱ्याची डाळ शिजवली. ती दर्ग्याच्या दुसऱ्या टोकाला, बोकडाच्या पातेल्यापासून लांब ठेवली आणि पळी कुणी बदलू नये म्हणून मुज्तबाला तिथं उभं केलं. वर्षाराणी जेवली. घरी आल्यावर मात्र सकाळपर्यंत ती जागी होती, तळहात एकमेकांवर घासत, खाज येते का बघत. खाज आली नाही.

आजूबाजूच्या गावांतल्या बायका आता तिला विचारायला येतात. निलंग्याकडच्या एकीला मटणानंतर असंच होत होतं. वर्षाराणी त्यांना लातूरचा पत्ता देते. गोचीड बोटानं ओढू नका, चिमटा घ्या, हातमोजे घाला, पोटऱ्या झाका, आणि पुडीतली कॅप्सूल घेऊ नका, हे ती इतक्या गंभीरपणे सांगते की कुणी हसत नाही.

दोन वर्षांनी डॉ. कांबळेंनी पुन्हा रक्त तपासलं. ॲलर्जीचा आकडा पुष्कळ खाली आला होता.

"दवाखान्यातच, माझ्या समोर, एक चमचा दूध घेऊन बघू," त्या म्हणाल्या. "दिवसभर इथंच थांबायचं. काही झालं तर सगळं तयार आहे. नाही झालं तर हळूहळू दही-ताक सुरू करता येईल."

रामलिंगचा चेहरा उजळला. तुळजाबाईनं तर आदल्या दिवशी देवापुढं दिवा लावला होता. ठरल्या सकाळी तिघं लातूरला आली. वाटीत वानेरीचंच दूध, घरून उकळून आणलेलं. नर्सनं हाताला सुई लावून ठेवली, नाडीचे ठोके मोजणारं यंत्र जोडलं. वर्षाराणीनं चमचा उचलला. दुधाचा वास आला. एके काळी तिच्या हाताला, केसाला, पदराला याच दुधाचा वास असायचा.

चमचा ओठापर्यंत गेला आणि थांबला. यंत्रावरचे आकडे भरभर वाढू लागले. दूध अजून तोंडात गेलंच नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, "घाई नाही."

रामलिंग काही बोलणार होता, तुळजाबाईनं त्याचा हात दाबला.

वर्षाराणीनं चमचा परत वाटीत ठेवला. "मॅडम, मला जमलंय आता," ती म्हणाली. "भाकरी हाय, भाजी हाय. श्वास हाय. कशापायी इस्कटू?"

"तुमची इच्छा. पुन्हा कधी वाटलं तर या."

"येईन. रक्त तपासायला येईन."

नर्सनं हाताची सुई काढली. तुळजाबाईनं वाटीवर झाकण ठेवलं आणि पिशवीत ठेवून दिली. बाहेर आल्यावर रामलिंगनं विचारलं, भूक लागली का. वर्षाराणी "हाव" म्हणाली. दवाखान्यासमोरच्या कट्ट्यावर सावली होती, तिथं तिघंही बसली आणि तिनं घरून आणलेल्या भाकऱ्या सोडल्या.